आडवं डोकं

परीक्षेच्या सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं: ज्याचे केस कापायचे ते डोके उमेदवाराने सोबत आणावे. पाच उमेदवारांनी आणलं होतं. कुणी नवरा, कुणी धाकटा भाऊ. एकीने तर सासऱ्यांनाच धरून आणलं होतं आणि ते खुर्चीत जीव मुठीत घेऊन बसले होते. सहाव्या खुर्चीमागे मावशी एकट्याच उभ्या होत्या. खुर्ची रिकामी.

“तुमचं डोकं कुठंय?” परीक्षक बाईंनी विचारलं.

मावशींनी सांगितलं, की त्यांची चौदा गिऱ्हाइकं आहेत, पण चौदाही अंथरुणाला खिळलेली. कुणाचं अर्धं अंग गेलेलं, कुणी नव्वदीच्या पुढचं. दोन जिने चढून इथे येईल असं त्यांच्यात एकही नाही. बावीस वर्षं त्या घरोघर जाऊन फक्त अशाच माणसांचे केस कापत आल्या होत्या. एकट्याने धंदा करणाऱ्यांनाही आता नगरपालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी ही परीक्षा द्यावी लागते, हे त्यांना गेल्या महिन्यात कळलं. उद्यापासून परवान्याशिवाय कुणाच्या घरी गेलं तर कात्री जप्त आणि वर दंड.

परीक्षक बाई नियमाला पक्क्या होत्या, पण मनाने वाईट नव्हत्या. तरी डोकं नाही म्हणजे गैरहजर, असं त्या लिहिणारच होत्या, तेवढ्यात दाराशी उभा असलेला शिपाई पुढे आला. त्याचे केस कॉलरवर उतरले होते आणि त्यावरून साहेब रोज टोमणे मारत होते. फुकटात काम होत असेल तर त्याची काही ना नव्हती.

तो खुर्चीत बसला आणि सगळं बिनसलं. मावशींच्या हाताला बसलेल्या माणसाचं डोकं ठाऊकच नव्हतं. पुढून सुरुवात करावी की मागून, कळेना. त्या त्याच्या कानाशी वाकल्या, पुन्हा सरळ झाल्या, डाव्या बाजूला दोनदा कात्री चालवली आणि ती बाजू उजवीपेक्षा बोटभर वर गेली. शेजारची मुलगी तोंडावर नॅपकिन धरून हसली. आयुष्य या कामात घालवलेल्या बाईला नवशिकीसारखा घाम फुटलेला बघवत नव्हता.

शेवटी त्या शिपायाला हळूच म्हणाल्या, “भाऊ, जरा आडवे होता का?”

त्या कचेरीत शिपायाने याहून विचित्र मागण्या ऐकल्या होत्या. तो उठला, भिंतीकडच्या लांब टेबलावरच्या फायली खाली ठेवल्या आणि खुशाल पसरला. मग मावशींचे हात मोकळे झाले. टॉवेलची गुंडाळी मानेखाली, ओला रुमाल कानामागे. एका बाजूचं झालं की डोकं तळहातावर तोलून दुसऱ्या बाजूला वळवायचं. पडणारा केस न् केस रुमालात टिपायचा, कारण अंथरुणात राहिलेला एक केस रात्रभर टोचतो, आणि ज्याचा हातच हलत नाही त्याला तो काढताही येत नाही. वीस मिनिटांनी शिपाई उठून बसला तेव्हा दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या आणि टेबलावर एकही केस सापडला नसता.

पण गुणपत्रिकेतला पहिलाच रकाना होता ‘खुर्चीची उंची’. दुसरा ‘आरशाचा वापर’, तिसरा ‘खुर्चीमागे उभे राहण्याची पद्धत’. तिन्हींत शून्य. बाकी सगळीकडे परीक्षक बाईंनी सढळ हाताने गुण दिले, तरी चार कमीच पडले. बेरीज पुन्हा करून पाहिली. तेवढीच आली. बाकीचे उमेदवार एव्हाना आपापली डोकी घेऊन गेले होते. बाईंनी मावशींना जवळ बोलावून निकाल सांगितला. पुढची परीक्षा तीन महिन्यांनी.

मावशी भांडल्या नाहीत. पैसे न घेता कापले तर चालेल का, एवढंच त्यांनी विचारलं. तेही चालणार नव्हतं.

“मग शुक्रवारी मास्तरांकडे कोण जाईल?” मावशी म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नाहीत. डोकं खाली पडेल अशी भीती वाटते त्यांना.”

परीक्षक बाई हातातल्या कागदाकडे बघत राहिल्या. तो कागद वरून आला होता, आणि वरच्यांपैकी कुणी कधी आडवं पडून केस कापून घेतले असतील असं काही त्यावरून दिसत नव्हतं. बेरीज पेन्सिलीने केलेली होती. ती त्यांनी पुसली. शिपायाला दार लोटून घ्यायला सांगितलं. मग चष्मा काढून कागदावर ठेवला, केसांचा चाप सोडवला आणि टेबलावर चढून आडव्या झाल्या.

“लांबून बघून मला काही कळलं नाही,” त्या छताकडे बघत म्हणाल्या. “आता माझे कापा. मग ठरवते.”

मावशींनी त्यांच्या मानेखाली हात घातला. मान लाकडासारखी ताठ, डोकं टेबलापासून दोन बोटं वर. पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं.

“मान सोडा, बाई,” मावशी म्हणाल्या. “मी धरलंय.”

परीक्षक बाईंनी डोळे मिटले. तरी मान सुटेना. मावशी थांबल्या, त्यांना घाई नव्हती. मग हळूहळू, थोडं थोडं करत, बाईंच्या डोक्याचं सगळं वजन त्यांच्या तळहातात आलं.