रवीची एक्स-वाय-एल

मोर्सच्या किल्लीवरून उठता उठता जयसिंगरावांनी आणखी चार शब्द ठोकले, आणि धम्मदीपाचे कान तापले.

मुळशी धरणाच्या वरच्या माळावर हौशी रेडिओ क्लबची पाच माणसं सकाळपासून रेडिओ मांडून बसली होती. बांबूवर तार ताणलेली, खाली गाडीची बॅटरी. सगळ्यांच्या पाळ्या झाल्या, आता तिची. परवाना हातात येऊन दहा दिवस झाले होते. स्वतःच्या कॉलसाइनवर, परवान्यावरच्या सांकेतिक अक्षरांवर, ती पहिल्यांदाच बोलणार होती. पलीकडे तिरुवनंतपुरमचा ऑपरेटर थांबला होता आणि त्याला जयसिंगरावांनी कळवलं होतं, आता रवीची एक्स-वाय-एल येतेय.

मोर्समध्ये पुरुष म्हणजे ओ-एम, म्हातारबुवा; मग तो सोळा वर्षांचा का असेना. बाई म्हणजे वाय-एल, तरुणी. आणि कुणाची बायको असली की एक्स-वाय-एल. माजी तरुणी.

"भाऊजी, ह्ये काय पाठवलंत?"

जयसिंगराव चपापले. "तुमाला कळलं व्हय? एवढ्या वेगात?"

जांब्याहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ती दोन वर्षं मोर्सचे ठिपके-डॅश, डिट-डा, पुटपुटत होती. शेजारच्या बाईला वाटायचं, ही वंदना म्हणतेय.

तिचा नवरा रवी मधे पडला. "आगं, पद्धतच हाय तशी. बायकोला तेच म्हणत्यात."

"परीक्षेला तुझी बायको न्हवती बसली. मी बसले हुते."

ती खुर्चीत बसली, किल्ली पुढं ओढली आणि एका दमात आठ ठिपके दिले.

"आवं वहिनी, ह्ये चुकल्यावर द्यायचं आसतंय," जयसिंगराव घाईनं म्हणाले. "मागचं खोडा म्हणून."

"चुकलंच हाय की."

मग तिनं कॉलसाइन दिलं. त्यापुढं ओ-पी, म्हणजे ऑपरेटर. त्यापुढं नाव, दीपा. एक डॅश नको तेवढा लांबला, पण ती थांबली नाही.

स्पीकरमध्ये नुसती खरखर. रवी आपल्या चपलांकडं बघत होता.

आणि उत्तर आलं. आधी दीपा, मग पाच-नऊ-नऊ. स्वच्छ ऐकू येतंय, जोरात येतंय, आवाजात खोट नाही.

जयसिंगरावांनी नोंदवही पुढ्यात घेतली. ऑपरेटरच्या रकान्यात पेन्सिल टेकली आणि तिथंच राहिली. त्यांनी रवीकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"नाव कसं टाकू?"

धम्मदीपानं किल्लीवरचा हात काढला नाही.

"आत्ता ऐकू आलं तसं."