विहंगची चूक

"हेल्मेट?" बापूंनी विचारलं.

"घातलं होतं," प्रसाद म्हणाला.

टावर चौकातल्या चहाच्या टपरीशी बाइक-टॅक्सीवाले गोळा झाले होते. तासाभरापूर्वी त्यांच्यातला विहंग गेला. एका पिकअपने उडवला. प्रसाद तेव्हा शेजारीच आपल्या गाडीवर होता, म्हणून सगळे त्यालाच खोदून विचारत होते. विहंगच्या बायकोला, भार्गवीला, अजून कुणी कळवलं नव्हतं.

"पिऊन होता का?"

"काहीतरीच काय बापू! तो कधी प्यायचा का?"

"मग जल्दीत असेल. राँग साइड घुसला असेल."

"नाही हो. लाल सिग्नलला उभा होता. मागून आला पिकअप."

चहा हातातच गार झाला.

या मंडळींची एक रीतच होती. कुणी गेला की आधी त्याची चूक शोधायची. मागच्या वर्षी एक गेला, तो म्हणे पिऊन होता. त्याच्या आधीचा म्हणे राँग साइडने चालला होता. चूक सापडली की 'आपण बुवा असं करत नाही' म्हणायचं आणि गाडी काढायची. पण उभ्या माणसाची चूक आणायची कुठून?

मोबाइल वाजत होते. माधव नगरची सवारी, राम घाटाची सवारी. कुणी उचलेना. जयूने गाडीची किल्ली काढून बाकावर टाकली.

"मी नाही चालवणार आता. उभ्याला मारतात, भिया, मग चालत्याचं काय?"

त्याच्या घरी दोन लहान लेकरं. बाकीचेही आपापल्या किल्ल्यांकडे बघू लागले. प्रसादला रडू येत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. आता काहीच सापडलं नाही तर यांच्यातला एकही उद्या गाडीवर बसायचा नाही आणि कुणाच्याच घरी चूल पेटायची नाही, एवढं त्याला कळत होतं.

"फोनवर बोलत होता," तो म्हणाला. "आरशात बघितलंच नाही त्याने."

"तरीच!" बापूंचा जीव भांड्यात पडला. "कितीदा सांगितलं होतं त्याला!" खरं तर कुणी कधी सांगितलं नव्हतं. "भार्गवीचाच असणार. दिवसभर फोन करते ती. संध्याकाळी घरी जाऊन बोलतो मी तिच्याशी."

"नाही बापू, तसं नाही..."

पण जयूने किल्ली उचललीसुद्धा होती. एकेक गाडी सुरू झाली. बापूंनी फोन हेल्मेटमध्ये कानाशी खोचला आणि "हाँ मॅडम, बस दो मिनट," म्हणत ते गर्दीत शिरले.

प्रसाद एकटाच उरला. त्याच्या खिशात फोन थरथरला. त्याने बाहेर काढून पाहिलं. फुटक्या काचेखाली भार्गवीचं नाव दिसत होतं.

"आज ओळखीच्याच सवाऱ्या आहेत, तेवढी काच बदलून आण रे," म्हणत विहंगने तो फोन सकाळीच त्याच्या हातात दिला होता.