मनगटावरचं घड्याळ

पहिला घाव गिऱ्हाइकाच्या गाडीच्या काचेवर बसला, दुसरा बॉनेटवर आणि तिसरा धाकट्या भावाच्या खांद्यावर. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करण्यात मिस्त्रीचा हात धरणारं कोणी नव्हतं. आज तो सरळ पत्रे चेपत सुटला होता.

"दादा, डोकं फिरलंय का तुझं?"

मिस्त्री काहीतरी बरळला आणि पुन्हा हातोडा उगारून धावला. धाकट्यानं त्याच्या पोटात गुडघा घातला, त्याला लोळवलं, गाडी ओढायच्या दोरानं त्याचे हात अंगाशी आवळले आणि फरफटत नेऊन रंगाच्या खोलीत कोंडलं. कुलूप लावताना धाकट्याच्या झटापटीत फुटलेल्या ओठातून रक्त गळत होतं.

काचेचा आवाज ऐकून मागच्या घरातून मिस्त्रीची बायको धावत आली.

"परत?" तिनं एवढंच विचारलं.

"परत. ऑपरेशन झाल्यापासून कोणावर हात उचलला नव्हता ना? आला मूळ पदावर."

आतून दारावर लाथा बसत होत्या. मग त्या सावकाश पडायला लागल्या. मग थांबल्या.

"बघा, उतरला राग," धाकटा म्हणाला. "संध्याकाळपर्यंत राहू दे तिथंच."

तिनं जमिनीवरचा हातोडा उचलला. दांडा घामानं निथळत होता.

"भावजी, यांनी आधी घड्याळ काढलं होतं का?"

"काय?"

"तुम्हाला मारायच्या आधी. घड्याळ काढून खिशात ठेवलं होतं का?"

"नाही. दोर आवळताना त्याच्या मनगटावरच्या घड्याळानं मलाच खरचटलं. का?"

ते घड्याळ म्हणजे मिस्त्रीचा जीव की प्राण. बायकोवर हात उचलण्याआधी तो ते काढायचा, शर्टाच्या खिशात ठेवायचा, खिशाचं बटण लावायचा, आणि मग सुरुवात करायचा. त्या घड्याळाच्या काचेवर कधी साधा ओरखडा आला नाही. तिची करंगळी मात्र वाकडी झाली ती कायमची.

"मग हा राग नाही," ती म्हणाली. "यांची साखर उतरलीय."

मिस्त्रीच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायचे. हृदयाच्या कोपऱ्यात एक छोटी पिशवी असते. तिच्यात रक्त साकळून गुठळी होईल आणि मेंदूत जाऊन बसेल, या भीतीनं डॉक्टरांनी ती पिशवीच बाहेरून आवळून बंद केली होती. घरी सोडताना ते तिला म्हणाले होते, "ही पिशवी रक्तात एक रसही सोडते. ती बंद झाली की काहींचा रक्तदाब उतरतो, साखरेचंही गणित बदलतं. साखर रोज मोजा, इन्सुलिन कमी करावं लागेल. घाम सुटला, बरळायला लागले, अंगावर धावून आले, तर ताबडतोब साखर द्या."

अंगावर धावून आले तर! तिला तेव्हा हसूच आलं होतं.

साखर मोजायचं यंत्र मिस्त्रीनं घरी आल्याआल्या भिंतीवर आपटलं. दुसरं आणायची तिची छाती झाली नाही. इन्सुलिनची सुई ती रोज जुन्याच मापानं टोचत राहिली. आज सकाळीही टोचली होती.

"किल्ली द्या, भावजी."

धाकट्यानं मूठ उघडली नाही. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "आपल्याला कुठं काय माहीत होतं? तापट माणूस, तापला आणि गेला. कोण विचारतंय?"

खोटं कशाला सांगा, तिच्याही मनात तेच आलं होतं. तिनं वाकड्या करंगळीकडे बघितलं. आत काहीतरी डब्यावर आपटल्याचा आवाज झाला.

"सुई मी टोचलीय," ती म्हणाली. "किल्ली द्या. आणि पळा, दवाखान्याची गाडी बोलवा."

किल्ली तिच्या हातात टाकून तो गेला. चहाच्या टेबलावरचा साखरेचा डबा उचलून ती आत शिरली. मिस्त्री रंगाच्या डब्यांमध्ये कुशीवर पडला होता. डोळे पांढरे, अंगाला झटके, शर्ट पिळून काढावा इतका ओला. तिनं बोटांनी त्याच्या गालात साखर कोंबली. तो कचकन चावला. हाडापर्यंत कळ गेली, पण तिनं बोट काढलं नाही. दुसऱ्या हातानं ती साखर हिरड्यांवर चोळत राहिली. पांढरी साखर लाल होत गेली.

हळूहळू जबडा सुटला. झटके थांबले. डोळे जागेवर आले आणि तिच्यावर स्थिरावले.

"कोणी बांधलं मला?" आवाज अगदी स्वच्छ होता.

तिला रडू फुटलं. वाचला होता. रक्ताळल्या बोटांनी तिनं घाईघाईनं गाठ सोडली. "पडून राहा, गाडी येतेय. पाणी देऊ?"

मिस्त्री उठून बसला. त्यानं दोराकडे बघितलं, उघड्या दारातून फुटलेल्या काचेकडे बघितलं, मग तिच्याकडे. डावा हात पुढे घेऊन त्यानं घड्याळाचा पट्टा सोडवला, घड्याळ शर्टाच्या ओल्या खिशात ठेवलं, आणि खिशाचं बटण लावलं.