पलंगाखाली मावेल अशी खुर्ची

ग्लेनिस सहाव्या खुर्चीत बसली आणि लगेच उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. मग मान हलवून म्हणाली, “ही पण नको.”

तिच्या नवऱ्याने, रॉसने, हातातली मापाची टेप कर्रकन मिटली. “अगं, जरा टेकून तरी बघ! खुर्ची बसायला असते. तू कवायत काय करतेयस?”

दुकानाची मालकीण हुइया तोंड फिरवून हसली. तिमारू गावात वीस वर्षं ती तंबू, शेगड्या आणि घडीच्या खुर्च्या विकत होती. गिऱ्हाइकं खुर्चीत बसून मागे रेलत, डोळे मिटून घेत. कुणी तर घोरण्याचं सोंगही करी. ही पांढऱ्या केसांची बाई मात्र प्रत्येक खुर्चीत बसत होती ती जणू उठण्यासाठीच.

रॉसची पसंती केव्हाच ठरली होती. जमिनीपासून वीतभर उंचीच्या, हात नसलेल्या दोन खुर्च्या. वजन एकेक किलो, घडी केली की छत्रीएवढ्या. रॉसची हयात सुतारकामात गेली होती. सामान पोचवणारी एक जुनी छोटी गाडी घेऊन, सगळा हिवाळा खपून त्याने तिची कॅम्परव्हॅन केली होती. आत पलंग, शेगडी, भांडी घासायचं बेसिन, बशांना खाचा. पलंगाखाली खुर्च्यांसाठी फट ठेवली होती, ऐंशी सेंटिमीटर लांब आणि वीस रुंद. सोमवारी घरात भाडेकरू येणार होते आणि हे दोघं सहा महिन्यांसाठी पश्चिम किनाऱ्याकडे निघणार होते. आता फक्त खुर्च्या राहिल्या होत्या.

“या बुटक्या काही वाईट नाहीत हं,” हुइया म्हणाली. “पाय पसरून मस्त बसता येतं. माझा नवरा तर त्यातच झोपतो.”

“त्याला उठायचं नसेल,” ग्लेनिस म्हणाली.

“ते मात्र खरं. कधीच नसतं!”

ग्लेनिस शेवटच्या रांगेकडे गेली. तिथे उंच, रुंद पायांच्या, दोन्ही बाजूंना भक्कम हात असलेल्या खुर्च्या होत्या. ती बसली. हातांवर जोर दिला आणि एका झटक्यात ताठ उभी राहिली. पुन्हा एकदा करून बघितलं. तिचा चेहरा उजळला.

“ही. अशा दोन.”

रॉसने खुर्चीची घडी करून टेप लावली. “लांबी एकशे दोन. जाडी सतरा. म्हणजे दोन्हींची चौतीस. नाही मावत.”

“मग फट मोठी कर.”

“फट मोठी करायची म्हणजे पलंग कापायला लागेल!”

“काप ना. करवत तुझीच आहे.”

रॉस बघतच राहिला. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात मापं त्याची असत. ओट्याची उंचीसुद्धा त्यानेच ठरवली होती आणि ग्लेनिसने कधी हुज्जत घातली नव्हती. आज एका खुर्चीपायी ती हटत नव्हती. त्याने आवाज खाली आणला.

“ग्लेनिस, तुला यायचंच नसेल तर तसं सांग. खुर्चीवर कशाला ढकलतेस?”

हुइयाला गल्ल्यावरचं काहीतरी काम आठवलं. ती तिकडे गेली.

“मला यायचं नाही?” ग्लेनिस म्हणाली. “गाडी घेऊ या म्हणून तुझ्या मागे कोण लागलं होतं? नकाशा आणून भिंतीवर कुणी चिकटवला? यायचं नाहीये ते तुला, रॉस.”

रॉसने टेप खिशात टाकली. निघायची तारीख दोनदा पुढे गेली होती. एकदा बेसिनची नळी त्याला पटली नाही म्हणून, एकदा पडदे आखूड झाले म्हणून. नळीही ठीक होती आणि पडदेही. दोन्ही वेळा ग्लेनिसने काही विचारलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, तिच्या लक्षात आलं नाही.

त्याने त्या उंच खुर्चीची घडी उलगडली आणि हळूच तीत बसला.

“वाटेतल्या हास्टच्या खिंडीत फोन लागत नाही,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “कोसच्या कोस नुसतं जंगल. गेल्या वर्षी आपण घरात तरी होतो. अँब्युलन्स नऊ मिनिटांत आली. मी मोजत होतो ना, पडल्या पडल्या. तिथे पुन्हा छातीत तसं झालं तर? कोण येणार आहे?”

वर्षभरात तो हे कुणाशीच बोलला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याने हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या. मुलीला फोनवर म्हणाला होता, एकदम ठणठणीत आहे. आता त्याचे कान लाल झाले होते.

ग्लेनिसने त्याची समजूत काढली नाही. काही होणार नाही, असंही म्हणाली नाही. ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

“कोण येणार? मी येणार,” ती म्हणाली. “म्हणून तर सांगतेय, त्या बुटक्या खुर्चीतून मला पटकन उठता येत नाही.”