सोमलाच्या बकऱ्या

टेम्पोतून आधी सहा बकऱ्या उतरल्या, मग एक बोकड, आणि सगळ्यांत शेवटी सोमलाची म्हातारी, प्रयागबाई. तांड्याचे नाईक सेवादास यांनी तिला हाताला धरून उतरवलं. तिची नजर आता अधू झाली होती. माणूस ती आवाजावरून ओळखायची.

"सोमला गेला, बारा दिवस झाले," सेवादास जगदेवला म्हणाले. "सांगून गेला, बकऱ्या माह्या पोराले द्या. आमी म्हनलं, बाबा, तुले पोरगं कोठी हाये? तं म्हने, कामरगावले हाये ना, जगदेव."

सोमला जगदेवच्या वडिलांकडं तीस वर्षं सालदार होता, दर पाडव्याला नवं साल धरून राबणारा गडी. लहानग्या जगदेवला खांद्यावर बसवून शाळेत पोचवायचा तोच. पण वडील गेले, सोमला मानोऱ्याकडं आपल्या तांड्यावर परतला, आणि त्यानंतरच्या पंधरा वर्षांत जगदेवनं एकदा म्हणून त्याची विचारपूस केली नव्हती.

जगदेवची बायको कस्तुराबाई पदराला हात पुसत बाहेर आली. सोमलाचं ऐकून तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर बकऱ्या पाहून तिच्या डोळ्यांपुढं आधी घरघंटी उभी राहिली. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीच्या खेपा घालता घालता तिची मान कामातून गेली होती. पोरगा पवन तर तिच्याही दोन पावलं पुढं. त्यानं बकऱ्या विकत घेणाऱ्या कारंज्याच्या खालिदला फोनसुद्धा लावला.

"संध्याकाळी गाडी घेऊन येतो म्हने. आये, तुई घरघंटी पक्की!"

"इकायच्या असतीन तं पैसे प्रयागबाईले द्या," जगदेव मान खाली घालूनच म्हणाला. "मले त्यातलं काई नको."

"मले कायले पैसे?" प्रयागबाई म्हणाली. "त्यानं तुले देल्ल्या. इक नाईतर ठेव."

तिला त्या बोलण्यात काही गोडी नव्हती. ती बकऱ्यांच्या पाठीवरून हात फिरवत एकेकीचा स्वभाव सांगत सुटली होती, लेक सासरी देताना आई सांगते तसा. "हे लाली. हिले आखूड दाव्यानं बांधू नोको, उपाशी राहीन पन खानार नाई. हे भुरी. बोलल्याबिगर दूध देत नाई. ध्यानात राह्यलं ना, कस्तुरा? मंग मी निंगतो."

"कोठी निंगता?"

"तांड्यावर."

"तांडा तं सोमवारी ऊस तोडाले जाऊन राह्यला," सेवादास हळूच म्हणाले. "होळीपर्यंत घराघराले कुलूप. हिले म्हनलं आमच्यासंग चाल, तं आयकत नाई."

"कोयता हातात धरवत नाई, मंग कायले येऊ? बसून खानं मले जमत नाई," प्रयागबाई म्हणाली. "अन् तांड्यात एक तरी दिवा पायजे का नाई?"

कस्तुराबाईनं बकऱ्यांवरची नजर प्रयागबाईकडं वळवली. जिवंतपणी बकऱ्या विकून पैसे बायकोच्या हाती ठेवायला सोमलाला कोणी अडवलं होतं? पण कुलपं लावलेल्या तांड्यात पैसे काय म्हातारीशी बोलले असते? आणि 'माझ्या बायकोला सांभाळा' म्हणायला त्याची जीभ रेटली नसणार. ज्या घरानं पंधरा वर्षं ओळख दाखवली नाही, त्या घरापुढं पदर तरी कसा पसरायचा? म्हणून त्यानं बकऱ्या पाठवल्या. त्यांच्यामागं ही येईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण नुसतं राहा म्हटलं तर ही बाई राहणारी नव्हती.

कस्तुराबाईनं घरातून दूध काढायचा गंज आणला आणि भुरीपाशी उकिडवी बसली. बाराव्या वर्षापासून म्हशी पिळणारी बाई ती. पण तिनं भुरीच्या सडाला असा काही वाकडा चिमटा काढला, की भुरीनं उसळून लाथ झाडली आणि गंज खणखणत अंगणभर फिरला.

"माय वं!" कस्तुराबाई गरजेपेक्षा बरीच मोठ्यानं ओरडली. "मले नाई जमत हे."

"आये, तू तं म्हशी..." पवननं तोंड उघडलं. जगदेवनं त्याच्याकडं असं पाहिलं, की ते आपोआप मिटलं.

"असं नाई वं, पोरी. सरक." प्रयागबाई चाचपत आली, गंज मांडीत धरला आणि भुरीशी आपल्या बोलीत काहीबाही बोलू लागली. गंजात धार वाजायला लागली.

"मी शिकेपर्यंत तरी राहा," कस्तुराबाई म्हणाली. "नाईतर ह्या मरतीन इथंसा माह्या हातानं."

"किती दिवस लागतीन तुले?"

"माही अक्कल लय जाड हाये."

सेवादासांनी तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले. ते टेम्पो घेऊन निघाले, तेव्हा प्रयागबाई त्यात नव्हती. संध्याकाळी खालिदची गाडी दारात आली. जगदेवनं त्याला चहा पाजला आणि रिकामाच परत पाठवला.

"अन् घरघंटी?" पवननं विचारलं.

"मान अजून जाग्यावर हाये माही," कस्तुराबाई म्हणाली.

रात्री जेवताना प्रयागबाईनं पहिला घास हातातच धरला. खाण्याआधी तिला सगळं ठरवून घ्यायचं होतं. उभा जन्म तिनं तसंच पाहिलं होतं.

"कस्तुरा, माहं साल आजपासून धर. पाडव्याले सरन. मंग मी जाईन."

कस्तुराबाईनं तिच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

"सालदाराचं साल सरते, बाई," ती म्हणाली. "सासूचं साल सरलेलं कोनाच्या घरी पाह्यलं काय?"