मिठाच्या टाकीचा भोंगा

भोंगा पुन्हा वाजला.

हातातलं ताट ओट्यावर टाकून ती मागच्या गॅलरीत धावली. पोहोचेपर्यंत आवाज बंद. बोअरचं जड पाणी मिठानं मऊ करणारं यंत्र कोपऱ्यात साळसूदपणे उभं. त्याच्या मिठाच्या टाकीचं झाकण जागच्या जागी. मिठाच्या वड्या पार वरपर्यंत.

गॅलरीतल्याच बेसिनवर सासरे जेवणाआधीचे हात धूत होते.

"बाबा, आत्ता वाजला ना भोंगा?"

त्यांनी आपल्या रिकाम्या कानाकडे बोट दाखवलं. चावण्याचा आवाज डोक्यात घुमतो म्हणून जेवायच्या वेळी ते कानातलं यंत्र काढून ठेवत. त्यांना विचारणं म्हणजे भिंतीला विचारणं.

आत तिची लेक चिमणी दचकून उठली होती आणि घर डोक्यावर घेत होती.

"काढून टाक ती भानगड," नवरा लेकीला थोपटत म्हणाला. "मीठ मी बघत जाईन."

"मागच्या वेळीही तूच बघणार होतास."

मागच्या वेळी टाकी कधी रिकामी झाली ते कुणालाच कळलं नव्हतं. जड पाण्यानं चिमणीच्या कोपरांवरची कातडी तडकली, रक्त आलं. ती पोर रात्रंदिवस अंग खाजवत रडली होती. तेव्हाच हिनं ठरवलं, पुन्हा हे होऊ द्यायचं नाही.

भोंगा तिनं स्वतः बनवला होता. झाकणाला भोक, त्यातून खाली मिठावर टेकलेली काठी. मीठ उतरलं की काठी उतरणार, तिच्या डोक्यावरची पत्र्याची पट्टी झाकणावरच्या दोन स्क्रूंना टेकणार, आणि मोडक्या खेळण्यातला भोंगा बोंबलणार. झाकण उचललं तरी मिठाचा आधार सुटून काठी खाली लोंबकळायची आणि तो वाजायचाच. म्हणून मीठ भरताना ती आधी सेल काढून ठेवायची.

आता मात्र तो भरल्या टाकीवर बोंबलत होता. तेही नेमका जेवायच्या वेळी.

तिनं पदर खोचला. आधी तारा नव्यानं जोडल्या. मग शेजारचं कपडे धुण्याचं मशीन हादरतं म्हणून त्याखाली रबर सारलं. सेल बदलले. तरी भोंगा आपला वाजतोच.

"लांडगा आला रे आला!" नवरा हसला. "खरंच मीठ संपेल ना, तेव्हा तूही उठणार नाहीस."

हेच तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. खोट्या भोंग्यापेक्षा भोंगा नसलेला बरा. "आणखी एक दिवस दे," ती म्हणाली. "माझा भोंगा खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं कपड्यांचं मशीन लावलंच नाही. काठी घासून गुळगुळीत केली, पट्टी वाकवून स्क्रूंपासून आणखी दूर नेली. आता वाजून दाखव म्हणावं!

ती भाजी वाढायला वळली आणि भोंगा वाजला. क्षणभर. मग चिडीचूप.

या वेळी ती धावली नाही. तशीच उभी राहिली, हातात पळी धरून. डोळ्यांत पाणी आलं.

सासरे हात पुसत आले, चिमणीला मांडीवर घेऊन ताटावर बसले. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ बंद केलं तेव्हा हेच सासरे "गवत टाक माझ्यापुढे" म्हणून ताट सरकवायचे. आता तक्रारीचा शब्द नव्हता. औषधाची गोळी मात्र डॉक्टरांनी परवाच वाढवली होती. वय, दुसरं काय.

"सूनबाई," भाजी बोटानं ढवळत ते म्हणाले, "मीठ नसून ही चव! तुझ्या हातात जादू आहे हो."

तेवढं ऐकूनही तिला बरं वाटलं. एक तरी गोष्ट जमली होती.

चिमणीनं आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, एक ओली पांढरी वडी बाहेर काढली, जिभेला लावली आणि तोंड वेडंवाकडं केलं.