दारावरची थाप

शोकसभेत मुलगा भरभरून बोलला. "आमच्यापैकी कुणीही दारावर थाप मारली, की बाबा हातातला घास टाकून धावायचे. दुसरी थाप म्हणून पडू द्यायचे नाहीत. आम्ही म्हणजे त्यांचा जीव की प्राण!" सगळे डोळे टिपत हसले.

बाबांचे नौदलातले एक म्हातारे सोबती काठी टेकत उठले. "आमच्या जहाजात पाणी शिरलं, तेव्हा बाकीच्यांना वाचवायला खालचं लोखंडी दार ह्यानेच बंद केलं होतं. आत सहा जण होते. त्यांच्या थापा थांबेपर्यंत हा दाराला पाठ लावून उभा होता, पोरा."



शेवटचं वर्षभर, बाबा वाट चुकतात म्हणून, त्यांच्या खोलीला मुलानेच बाहेरून कडी घातली होती; आणि आतून थापा पडायला लागल्या, की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.